चौथी ‘ब’ची मोहीम

महाराष्ट्राचा इतिहास जरा सपाटीवर घडला असता तर आम्हा शिक्षकांवर फार उपकार झाले असते. पानिपत सपाट आहे, पण तिथे चौथीची सहल न्यावी असे कुणाच्याच मनात येत नाही. जिथे मुलांना अभिमानाने न्यावे असे आपले जे काही आहे, ते एकतर कड्यावर आहे, नाहीतर समुद्रात.

त्यात सहलींबाबतच्या सूचना. मुलांना समुद्रकिनारी नेऊ नका, नद्या-तलाव-विहिरींपासून लांब ठेवा, उंच टेकड्या आणि डोंगरावरच्या जोखमीच्या जागा टाळा. या सूचना उगाच आलेल्या नाहीत. फेब्रुवारी २०१६मध्ये मुरुडच्या समुद्रात पुण्याची कॉलेजातली मुले बुडाली, त्यानंतर त्या कडक झाल्या. आणि ज्याने एकदा तरी दुसऱ्याचे मूल हाताला धरून रस्ता ओलांडला आहे, तो त्यांना हसणार नाही. पण एका हातात त्या सूचना आणि दुसऱ्या हातात चौथीचे इतिहासाचे पुस्तक घेऊन बसले, की माझ्या पोटात गोळा येतो. शिवरायांनी आयुष्यभर जागा निवडल्या त्या नेमक्या ह्याच यादीतून! सहज कुणी वर येऊ नये ह्यासाठीच तर किल्ला बांधायचा. तिथे आम्हाला ऐंशी मुले वॉटरबॅगसकट चढवायची.

स्थळनिश्चितीची बैठक मधल्या सुट्टीत भरते, कारण त्या वेळी सगळे शिक्षक सापडतात आणि चहाही असतो. दरवर्षी पहिले नाव सिंहगडाचे निघते. पण पुण्याच्या मुलाला सिंहगड म्हणजे रविवार, आईबाबा, पिठलं-भाकरी आणि कांदाभजी. तिथे जाऊन मी तानाजीचे सांगायला लागले की निम्मा वर्ग टोपलीतल्या दह्याच्या मडक्यांकडे बघत असतो, आणि उरलेला निम्मा घोरपड नक्की केवढी होती ह्यावर वाद घालत असतो. शनिवारवाडा सगळ्या सूचनांत चपखल बसतो. कडा नाही, पाणी नाही, दरवाजा भक्कम. पण तो शाळेपासून चालत पंधरा मिनिटांवर आहे आणि त्यासाठी बसचे पैसे कुणी देणार नाही. शिवाय १७३०मध्ये ज्याचा पाया घातला त्या वाड्याबद्दल मुलांना एकच गोष्ट हवी असते, ती १७७३च्या खुनाची, आणि तीसुद्धा भुतासकट.

मुलांना विचारले तर उत्तर ठरलेले: वॉटर पार्क. त्यांच्या मताला लोकशाहीत किंमत असती तर आमच्या शाळेने आजवर एकही गड पाहिला नसता.

ह्या वेळी मुख्याध्यापिकाबाईंनी हुकमाचे पान टाकले. जुलै २०२५मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यांत शिवनेरी आहे. “जगाने दखल घेतली आणि आपण नव्वद-पंच्याण्णव किलोमीटरवर असून जायचं नाही?” बारांपैकी अकरा महाराष्ट्रात आणि एक तामिळनाडूत, जिंजी. ही माहिती कळताच भूगोलाचे सर जिंजीच्या बाजूने बोलू लागले. त्यांच्याकडे कुणी लक्ष दिले नाही. ते दरवर्षी लांबचे काहीतरी सुचवतात आणि दरवर्षी घरी राहतात.

शिवनेरी ठरला. बांधीव पायऱ्यांची वाट, जागोजागी कठडे, आणि आजूबाजूच्या कितीतरी शाळा तिथे जातातच. तरी परवानगीच्या अर्जात बाईंनी ‘किल्ला’ असे कुठेही येऊ दिले नाही. ‘शिवजन्मस्थळास शैक्षणिक भेट’ असे लिहिले. जन्मस्थळ म्हटले की डोळ्यांपुढे पाळणा येतो, कडा येत नाही. अर्ज पुढे सरकला. शिवनेरीच्या सात दरवाजांपैकी तिसऱ्याचे नाव परवानगी दरवाजा आहे. हे मला कळले तेव्हा आमचा कागद कुठल्यातरी टेबलावर दुसऱ्या दरवाजापाशी थांबला होता.

मग बस. एसटीत ह्याला प्रासंगिक करार म्हणतात, आणि शाळेच्या सहलीला निम्म्या भाड्याची सवलत मिळते. पी.टी.च्या सरांनी फळ्यावर हिशोब मांडला. एका बसमध्ये चव्वेचाळीस, दोन बसमध्ये अठ्ठ्याऐंशी. मुले ऐंशी. दहा मुलांमागे एक शिक्षक, म्हणजे आठ. बेरीज अठ्ठ्याऐंशी. असा जुळणारा हिशोब मी गणिताच्या पुस्तकाबाहेर पहिल्यांदाच पाहिला. सर दोन पावले मागे सरून फळ्याकडे बघत राहिले. तेवढ्यात चहाचे कप उचलायला आलेले शिपाईमामा म्हणाले, “आणि मी?”

मामांना वगळून आमच्या शाळेची सहल निघत नाही. उलटी कुणाला होणार हे त्यांना मुलाच्या चालण्यावरून कळते. पहिल्या दोन बाकांवर कोण, खिडकी कुणाला, आणि कुणाच्या आईने ‘त्याला काही होत नाही हो’ असे सांगितले तरी विश्वास ठेवायचा नाही, हे सगळे त्यांच्या डोक्यात असते. लिंबू, आवळासुपारी, जुनी वर्तमानपत्रे आणि प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा गठ्ठा ही त्यांची शस्त्रे. शेवटी “तीन लहानगी एका बाकावर बसतील की” असा नेहमीचा तोडगा निघाला आणि गणित पुन्हा आपल्या मूळ स्वभावावर आले.

निघायचे साडेपाचला, कारण वाटेत चाकण. १६६०मध्ये फिरंगोजी नरसाळ्याने चाकणच्या भुईकोटात राहून शायिस्ताखानाच्या अफाट फौजेला जवळजवळ दोन महिने अडवून धरले होते. किल्ल्याचे आता थोडेच उरले आहे, पण अडवून धरण्याची परंपरा गावाने सोडलेली नाही. सकाळी सातनंतर चाकणच्या चौकात सापडलेली बस नारायणगावला कधी पोचेल हे खुद्द खानालाही सांगता आले नसते.

नारायणगाव म्हटल्यावर विज्ञानाच्या मॅडम जाग्या झाल्या. तिथून जवळच खोडदला जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, आकाशाकडे कान लावून बसलेल्या. “एवढ्या जवळ जाऊन मुलांना ती दाखवायची नाही?” मराठीच्या मॅडमना नाणेघाट हवा होता, सातवाहनांच्या काळी व्यापारी जकात टाकत असे सांगतात तो दगडी रांजण मुलांनी पाहावा, म्हणजे टोलनाक्यावर बाबा एवढे का चिडतात ह्याची पूर्वपीठिका कळेल. आणि पालकांच्या ग्रुपवर बातमी पोचताच पाचसहा आयांचे एकच म्हणणे आले: ओझर आणि लेण्याद्री. इतक्या जवळ जाऊन गणपतीचे दर्शन न घेता परत यायचे, हे त्यांना पटणे शक्य नव्हते. ‘इतक्या जवळ जाऊन’ ह्या चालीवर आमच्या सहलीत एक किल्ला, दोन अष्टविनायक, एक घाट आणि आकाशगंगा एवढे जमा झाले. बाईंनी लाल पेन काढले. लेण्याद्री राहिली, तीही खालून नमस्कार करण्यापुरती. वरच्या तीनशेच्या आसपास पायऱ्या त्याच दिवशी चढायच्या तर परत येताना मुले नव्हे, शिक्षक उचलून आणावे लागले असते.

जेवणाचा प्रश्न मात्र मला दरवर्षी खरोखर गंभीर वाटतो. डबा घरून आणायचा की शाळेने द्यायचा? शाळेने दिला तर पुरीभाजी, पण बटाट्याची भाजी उन्हात दुपारी दोनपर्यंत टिकेल का? घरून आणायचा तर कुणाचा डबा बसमध्येच सात वाजता संपतो, कुणी डबा आणि पाण्याची बाटली एकाच पिशवीत उलटी ठेवतो, आणि एक जण दरवर्षी डबाच विसरतो. कांदा-लसूण न खाणारे चार, शेंगदाण्याने अंगावर पित्त उठते अशी एक. ह्या सगळ्याचा तक्ता मी रात्री उशिरापर्यंत करत बसले होते, आणि मधूनच शिवनेरीची माहिती वाचत होते, कारण मुलांसाठी एक पानाचे टिपण मलाच लिहायचे होते. तिथे डॉ. जॉन फ्रायर भेटला.

हा इंग्रज डॉक्टर १६७०च्या दशकात जुन्नरला आला होता. तेव्हा शिवनेरी मोगलांकडे होता. किल्ल्यावर हजार कुटुंबांना सात वर्षे पुरेल एवढी शिधासामग्री साठवलेली आहे, असे त्याने नोंदवून ठेवले आहे. हजार कुटुंबे, सात वर्षे! मी माझ्या तक्त्याकडे पाहिले. ऐंशी मुले, एक दुपार, आणि अजून ठेपले की पुरी हे ठरत नव्हते. त्या गडावर कुणीतरी बसून हे केले असणार. किती खंडी भात, किती नाचणी, मीठ किती, तेल किती, उंदरांचे काय, पावसाळ्यात कोठाराला ओल आली तर काय. त्याचे नाव कुठल्याही पुस्तकात नाही. अंबरखान्याची इमारत मात्र वर उभी आहे, आणि मुले तिच्यासमोरून पळत जातील, कारण तिथे कुणी कुणाला मारले नाही.

एकदा ह्या नजरेने बघायला लागले की गड वेगळाच दिसतो. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेल्या आज्ञापत्रात, म्हणजे अठराव्या शतकाच्या आरंभी, किल्ला बांधणाऱ्याला ठणकावून दिलेली ताकीद आहे ती तलवारीची नाही, पाण्याची. आधी पाणी पाहा, मग किल्ला बांधा. पाणी नसेल आणि जागा सोडता येण्यासारखी नसेल तर खडक फोडून टाकी करा. एक झरा आहे म्हणून निश्चिंत राहू नका, लढाईत तोफांच्या आवाजाने झरे आटतात, म्हणून राखीव साठा ठेवा. हे वाचताना मला आमच्या मुख्याध्यापिकाबाईंचाच आवाज ऐकू आला. ‘दोन बाटल्या सांगा, म्हणजे एक तरी आणतील’ हे त्यांचे धोरण थेट अमात्यांच्या घराण्यातले आहे. पुढे केरकचऱ्याचेही आहे: गडावरच्या वाटांवर, बाजारात केर पडू देऊ नये, झाडलेला केर कड्यावरून खाली लोटू नये, जागच्या जागी जाळावा आणि ती राख परसात घालून भाज्या लावाव्यात. चिप्सच्या पाकिटांची राख करून भाजी पिकत नाही, नाहीतर आज महाराष्ट्रातल्या प्रत्येक गडावर वांग्याचे मळे असते. आम्ही प्रत्येक मुलाला एक कापडी पिशवी न्यायला सांगितली आहे, आपला कचरा आपल्याबरोबर खाली. मामांनी विचारले, “आणि दुसऱ्यांचा?” ह्यावर बैठकीत एकमत झाले नाही.

टिपण लिहून झाल्यावर मी ते वर्गात वाचून दाखवले. १९ फेब्रुवारी १६३०, जिजाऊ, शिवाई देवी, तिच्या नावावरून शिवाजी हे नाव ठेवल्याची परंपरा, सात दरवाजे, गंगा-जमुना ही टाकी, बदामी तळे. हात वर आले. अपेक्षेप्रमाणे पहिला प्रश्न कडेलोट टोकाचा. तिथून खरंच ढकलायचे का? मग खाली काय व्हायचं? आपण तिथे जाणार का? (लांबून.) दुसरा प्रश्न साखळीच्या वाटेचा. पलीकडच्या अंगाने कड्याला साखळ्या लावलेली एक अवघड वाट आहे, हे चौथीतल्या मुलांना कुठून कळते कोण जाणे, पण दरवर्षी कळलेलेच असते. (नाही. मुळीच नाही. तो विषय पुन्हा काढायचा नाही.) आणि मग मागच्या बाकावरच्या, एरवी खिडकीबाहेर बघणाऱ्या एका मुलीने विचारले, “बाई, महाराज मोठे झाल्यावर परत त्यांच्या घरी कधी आले?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि थांबले. शिवराय लहान असतानाच, १६३७च्या सुमारास, शिवनेरी मोगलांच्या ताब्यात गेला. १६५७मध्ये त्यांनी जुन्नरच्या बाजारपेठेवर छापा घातला, घोडे आणि द्रव्य नेले, पण समोरचा किल्ला तसाच राहिला. पुढे तो घेण्याचे प्रयत्न झाले आणि फसले. त्यांच्या हयातीत शिवनेरी स्वराज्यात आलाच नाही. तो मिळाला शाहू महाराजांच्या काळात. आपण शिवजयंतीला ज्या पायऱ्या धावत चढतो, ज्या जन्मघरापुढे वर्गाचा फोटो काढतो, तिथे स्वतः महाराजांना राजे झाल्यावर पाऊल ठेवता आले नव्हते.

“नाही आले,” मी म्हणाले.

“मग त्यांना आठवत असेल का?”

ह्यावर कुणीतरी म्हणाले, मला पण केजीचं काही आठवत नाही. वर्ग हसला आणि तास संपला. ती मुलगी पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागली. ती गडावर काय बघणार आहे ह्याची मला उत्सुकता आहे. बाकीच्या एकोणऐंशी जणांबद्दल फक्त काळजी.

काळजीचे खाते पी.टी.च्या सरांकडे आहे, आणि त्यांच्या यादीत सगळ्यात वर मधमाश्या. शिवनेरीच्या कडेकपारीत आग्या माश्यांची पोळी असतात आणि त्या उठल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. म्हणून सरांचे फर्मान निघाले: अत्तर नाही, सेंट नाही, डिओ नाही, दगड मारणे नाही, आरडाओरडा नाही. चित्रकलेच्या मॅडमनी गजऱ्याचे विचारले. सर गडबडले; त्यांच्या यादीत गजरा नव्हता. खरी अडचण घोषणांची आहे. चौथीतले मूल शिवनेरीच्या महादरवाजात उभे राहून ‘जय भवानी’ म्हणणार नाही हे कसे शक्य आहे? एकाने म्हटले की ऐंशी जण ‘जय शिवाजी’ करणार, आणि सात दरवाजे म्हणजे सात वेळा. शेवटी तडजोड झाली. घोषणा द्यायच्या, पण हळू आवाजात. सर वर्गावर्गांतून त्याची तालीम घेत आहेत. ऐंशी मुलांनी कुजबुजत दिलेली ‘हर हर महादेव’ ही गर्जना ऐकलेली माणसे जगात फार नसतील.

बिबट्याचे एका पालकाने विचारले, ते मात्र सगळ्यांनी मन लावून ऐकले. जुन्नर तालुक्यात बिबट्या हा थट्टेचा विषय नाही. ज्याला वाटतो त्याने तिथल्या एखाद्या उसाच्या शेताकडेच्या घरात एक रात्र काढून पाहावी. अंधार पडायच्या आत बस हमरस्त्याला लागली पाहिजे, हे बाईंनी वेळापत्रकात दोनदा अधोरेखित केले.

सरांच्या यादीतली दुसरी गोष्ट मोजणी. मुले मोजणे हा शिक्षकांना सहलीत जडणारा आजार आहे. एका बसमधली मुले समोरून मोजली तर एकोणचाळीस, मागून मोजली तर एक्केचाळीस, आणि चाळीसच आहेत हे नक्की करेपर्यंत एक जण बुटाची नाडी बांधायला खाली बसलेला असतो. सरांनी ह्या वेळी युक्ती काढली आहे: प्रत्येक दरवाजापाशी थांबायचे आणि जोडीजोडीने आत सोडायचे. महादरवाजा, पीर दरवाजा, परवानगी दरवाजा, हत्ती दरवाजा, शिपाई दरवाजा, फाटक दरवाजा, कुलाबकर दरवाजा. सातही ठिकाणी मोजणी. तीनशे-चारशे वर्षांपूर्वी तिथे उभा राहणारा पहारेकरी ह्याहून वेगळे काय करत होता? आत किती गेले, बाहेर किती आले, आणि संध्याकाळी दोन्हींचा मेळ बसतो का. शिपाई दरवाजावर आमचे शिपाईमामा उभे राहणार, असे मुलांनी परस्पर ठरवून टाकले आहे, आणि मामांनीही ते मनावर घेतले आहे. ते फेटा शोधत आहेत.

परवानगीचा कागद काल आला. त्यावर तीन सह्या, दोन शिक्के आणि ‘सर्व नियमांचे पालन करण्याच्या अटीवर’ असे एक वाक्य आहे, ज्याकडे बाई बराच वेळ बघत होत्या. पालकांच्या ग्रुपवर मी वेळापत्रक टाकले. कुठे जायचे, कधी निघायचे, काय आणायचे, काय आणायचे नाही, सगळे सविस्तर, क्रमवार. तळाशी लिहिले: कृपया सर्व सूचना नीट वाचाव्यात.

पहिला प्रश्न चार मिनिटांत आला. “मॅडम, किती वाजता निघायचंय?” मग “स्वेटर लागेल का?” “युनिफॉर्म की रंगीत कपडे?” “माझ्या मुलाला खिडकी द्याल का?” “परत किती वाजता, म्हणजे साधारण?” एका बाबांनी नुसता भगव्या झेंड्याचा स्टिकर पाठवला, त्यावर सतरा जणांनी तसेच स्टिकर पाठवले आणि वेळापत्रक वर कुठेतरी वाहून गेले. ते मी पुन्हा टाकले.

रात्री पावणेअकराला, ज्या वेळी शहाण्या माणसाने फोन बघू नये त्या वेळी, आणखी एक आला.

“मॅडम, सॉरी उशिरा विचारते. गडावर पाणी आहे ना?”

आहे, मी लिहिले. खडकात खोदलेली टाकी आहेत, गंगा-जमुना आहेत, फार विचार करून केलेली आहेत. तरी दोन बाटल्या द्या.